थोरला, धाकटा आणि माझा बोर्ड

टेलिफोनच्या नोकरीवर लिहा, पण गोड गोड आठवणी नकोत, असा संपादकबाईंचा निरोप आला. त्याची काळजी त्यांनी करायला नको होती. माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही दोडामार्गाकडच्या एका खोलीच्या शाळेत. गोड लिहायला त्याहून जास्त शिकावं लागतं.

डिचोलीत एका खनिज कंपनीच्या हापिसात मी टेलिफोनचा बोर्ड सांभाळला. कंपनीचं नाव लिहीत नाही. नवरा त्याच कंपनीच्या बार्जवर खलाशी होता. तो गेल्यावर मला हापिसात झाडलोट आणि पाणी भरायला ठेवलं. पुढे बोर्डावरची मुलगी लग्न करून वास्कोला गेली आणि दुसरी मिळेपर्यंत बसा म्हणून मला तिथं बसवलं. दुसरी कोणी शोधलीच नाही. माझं इंग्रजी कच्चं, खरं म्हणजे नाहीच. पण बोर्डावर वाचायला काही नसतं. आकडे येत होते आणि एकदा ऐकलेला आवाज मी विसरत नव्हते, एवढ्यावर भागलं.

बोर्ड म्हणजे काय हे आता सांगावं लागतं. बाहेरून हापिसात येणाऱ्या लाइनी मोजक्या, आणि आतली माणसं पुष्कळ. खाण वर डोंगरावर, जेटी आमोण्याला नदीवर, वर्कशॉप तिसरीकडे, शेट चौथीकडे. बाहेरचा फोन आधी मला लागायचा. मी "बोला" म्हणायचे, कोण बोलतंय आणि कोण पाहिजे ते ऐकायचे आणि जोडून द्यायचे. पहिल्या बोर्डाला दोऱ्या होत्या, त्या भोकात खुपसायच्या. नंतर बटनांचा आला. काम तेच राहिलं.

लोकांना वाटतं ऑपरेटर फोन जोडते. निम्मं काम न जोडण्याचं असतं. तापलेल्या ट्रकमालकाला शेटकडे द्यायच्या आधी थोडा वेळ स्वतःकडे धरून ठेवायचं, म्हणजे त्याचा आवाज खाली येतो. भरतीच्या वेळी जेटीची लाइन बँकेच्या माणसाला द्यायची नाही. भरलेली बार्ज पाणी आहे तोवरच सुटते. बँक दुसऱ्या दिवशीही तिथंच असते. ह्या गोष्टी मला कोणी शिकवल्या नाहीत. चार वेळा शिव्या खाल्ल्या की येतात.

गोव्याचं राज्य झालं, कोकणी राजभाषा झाली, त्या दिवसांत मी "नमस्कार" म्हटलं की पलीकडून विचारणा व्हायची, "तुमी मराठीवाले काय कोंकणीवाले?" मी सांगायचे, "हांव बोर्डवाली. कोण जाय तुमकां?" मग माणूस कामाचं बोलायचा.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. ट्रक ड्रायव्हरांच्या बायका फोन करायच्या, "माझो घोव खंय आसा?" खाणीवरून ट्रक कधी सुटला ते मला ठाऊक असायचं आणि जेटीवर तो पोचला नाही हेही. मधल्या रस्त्यावर दारूचं तवेर्न एकच. मी खरं ते सांगून टाकायचे. ड्रायव्हर लोक एकदा मिळून आबाशेटकडे तक्रार घेऊन गेले. आबाशेट म्हणजे मालक, आमोण्याचेच. त्यांनी मला बोलावलं.

"सुभद्राबाय, तुका फोन जोडूंक दवरल्या, घोव सोदूंक न्हय."

"मगे त्यांका ट्रक जेटीवर हाडूंक सांगा," मी म्हटलं. "माका सोदूचो पडूचो नाय."

शेट हसले. ड्रायव्हर हसले नाहीत.

आणि एक म्हातारे भाटकार, म्हणजे जमीनमालक होते, नदीकाठी त्यांची भातशेती. दर सोमवारी त्यांचा फोन. खाणीची लाल माती पावसाच्या पाण्याबरोबर त्यांच्या शेतात उतरायची. कोणाकडे जोडू, म्हटलं की म्हणायचे, "कोणाकय जोड. कोणूच आयकना." आणि ते खरंच होतं, त्यांचं ऐकून घ्यायला हापिसात माणूस नेमलेला नव्हता. म्हणून मीच ऐकायचे. ऐकून फायदा काही झाला नाही. माती यायची ती येतच राहिली. शेवटी त्यांनी शेती सोडली आणि फोनही सोडला.

आता ज्या गोष्टीसाठी लिहायला बसले ती.

एका पावसाळ्यात हापिसावर वीज पडली आणि बटनांचं एक्स्चेंज जळून गेलं. दुरुस्तीला माणूस आला तर म्हणाला, ह्याचे भाग आता कोणी बनवत नाही. तेव्हा कंपनीच्या कॉम्प्युटर खात्यात दोन माणसं होती. केरकर साहेब खात्याचे मुख्य. चाळिशीचे, प्रत्येक वायरला चिठ्ठी चिकटवणारे. आणि विनया परब, पेडण्याची, नुकती इंजिनियर झालेली. बोलायला लागली की समोरच्याचं वाक्य तीच पुरं करायची. बोर्डावर असती तर एका दिवसात तिला काढून टाकलं असतं.

दोघांनी शेटना सांगितलं की नवीन एक्स्चेंज विकत घेऊ नका. साध्या कॉम्प्युटरवर एक्स्चेंजचं काम करणारा प्रोग्रॅम मिळतो. तो जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेला आहे, आत काय आहे ते कोणीही उघडून बघावं, पाहिजे तर बदलावं. आणि तो फुकट आहे.

मी त्या वेळी शेटच्या खोलीतच होते, कारण जळलेल्या बोर्डापुढे बसून मला काही काम नव्हतं.

"फुकट म्हणजे कोणाचें?" शेटनी विचारलं.

"सगळ्यांचं आणि कोणाचंच नाही," केरकर म्हणाले.

"म्हणजे कोणाचेंच ना."

विनया पुढे सरकली. "शेट, आमच्या गावकरीवारी समजा. शेत गावचां. बांध सगळ्यांनी मिळान घालूचो आणि पीक सगळ्यांनी खावचां."

गोव्याबाहेरच्यांसाठी सांगते. नदीकाठच्या आमच्या जमिनी खाऱ्या पाण्याला बांध घालून राखलेल्या. जमीन गावाची, कोणा एकाची नाही. बांध दर वर्षी दुरुस्त करावा लागतो आणि त्याला गावकऱ्यांनी यायचं असतं. आले नाहीत तर नदी शेतात येते.

"गावकरीचो बांध तुवें केन्ना पळयला?" शेट म्हणाले. "मातयेक कोण येता आतां? सगळे ट्रकार. खारें उदक शेतांत."

ते ट्रक त्यांच्याच मालाचे होते.

"म्हणानच बघूचां, शेट," विनया म्हणाली. "खंयच्या बांधाक अजून माणसां येतत."

तिला हे म्हणायला कारण होतं. असे प्रोग्रॅम दोन होते. एक जुना, पुष्कळ लोकांनी वापरलेला. दुसरा नवा. नव्याचे लोक आधी जुन्यातच काम करायचे. त्यांचं पटेना, म्हणून त्यांनी वेगळी चूल मांडली. नावं मला घेता येत नव्हती, मी एकाला थोरला म्हटलं आणि दुसऱ्याला धाकटा. आठवडाभरात सगळं हापीस तेच म्हणू लागलं.

केरकर थोरल्याचे. थोरल्याच्या पाठीशी एक कंपनी आहे, माणसं पुष्कळ आहेत, अडलं तर विचारायला कोणी तरी सापडतं, असं त्यांचं म्हणणं. विनया धाकट्याची. थोरला म्हणजे खोलीला खोली जोडत वाढलेलं घर, एक भिंत हलवली तर तीन पडतात. धाकट्याने पायाच नवा घातलाय, असं ती म्हणायची.

"त्या पायावर राहणारी माणसं किती?" केरकर विचारायचे. "चार डोकी. त्यातला मुख्य माणूस उद्या कंटाळला तर?"

"आणि तुमच्या थोरल्याची कंपनी उद्या कोणी विकत घेतली तर?"

"तर नवा मालक सांभाळील."

"नायतर मोडून खाईत."

पावाचा पोदेर सकाळी सायकलची घंटी वाजवत यायचा तेव्हा ही दोघं सुरू व्हायची, ती दुपारी जेवणाच्या डब्यापर्यंत. दहा वर्षांनी कोण जिवंत असेल यावर इतकं भांडण मी कोर्टात गेलेल्या सख्ख्या भावांचंही ऐकलेलं नाही. मला दोघांचंही खरं वाटायचं. जे मेलं नाही त्याबद्दल काय सांगणार?

माझं त्यात एकच होतं. थोरल्याला ऑपरेटरचा पडदा होता. म्हणजे कॉम्प्युटरवर बोर्ड दिसतो, कोणाची लाइन मोकळी आणि कोणाची नाही ते दिसतं, आणि बाई बसून फोन जोडू शकते. धाकट्याला तसलं काही नव्हतं. तो फोन स्वतःच उचलायचा. खाणीसाठी एक दाबा, जेटीसाठी दोन दाबा. थोरला आला तर माझी खुर्ची राहते, धाकटा आला तर जाते. घरात मी, अंथरुणावरची सासू आणि माझा पगार, एवढंच होतं. चौथी शिकलेल्या त्या वयाच्या बाईला कोण दुसरी खुर्ची देतं?

मी विनयाला तोंडावर सांगितलं, "तुझो धाकलो माका खाता."

"मावशे, मी तुका दुसरां काम बघतंय."

"कसलां? भांडी घासूचां?"

पण मत बदललं नाही तिनं. ते मला आवडलं, असं आता म्हणते. तेव्हा आवडलं नव्हतं.

आबाशेट मोठी खरेदी देवाला विचारल्याशिवाय करत नसत. पहिली बार्ज विचारून घेतली, दुसरी न विचारता घेतली ती वाळूत रुतली, असा हिशेब. तेव्हा त्यांनी गावच्या देवळात प्रसाद लावायचं ठरवलं. मूर्तीला ओल्या फुलांच्या पाकळ्या चिकटवतात आणि प्रश्न घालतात. उजवी पाकळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. प्रश्न नव्याचा, म्हणजे धाकट्याचा, म्हणून शेटनी विनयाला गाडीत घेतलं, काय विचारायचं ते गुरवाला सांगायला. मला घेतलं, कारण माझ्या खुर्चीचं होतं. तेवढा न्याय त्यांच्याकडे होता.

गुरव वयस्क. विनयाने त्याला प्रोग्रॅमचं इंग्रजी नाव सांगितलं. त्याने दोनदा म्हणून बघितलं आणि सोडून दिलं.

"दुसरां नाव नाय?"

"धाकलो म्हणतत," मी म्हटलं.

"बरां झालां," म्हणाला, आणि त्याने गाऱ्हाणं सुरू केलं. "बा देवा म्हाराजा! आज हो तुझो चाकर तुझ्या पायाकडे इलो आसा..."

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे.

"तेच्या हापिसात फोनाचां येंत्र विजेन जळान गेलां आसा..."

"व्हय म्हाराजा!"

"परदेशातल्या भावांनी भांडान दोन येंत्रां केली आसत. तेतूरलो धाकलो घरात घेतलो तर तुका मानवता काय? मानवता तर उजवी दी, नाय तर डावी दी, आणि तुझ्या लेकरांचां बोलणां-चालणां बरां चलव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" विनयाचा आवाज सगळ्यांत मोठा. मी ओठ हलवले.

बराच वेळ पाकळी हलली नाही. मग उजवी पडली.

परतताना गाडीत मी जनेलातून बाहेर बघत बसले. शेट म्हणाले, "सुभद्राबाय, देवान सांगलें." मी म्हटलं, "देवाकडे बोर्ड नाय." विनयाला हसू आलं आणि तिनं ते गिळलं.

दुसऱ्या दिवशी हापिसात गेले तर केरकर साहेब दारातच. त्यांनी आदल्या रविवारी फोंड्याकडे आपल्या कुळदेवाच्या देवळात जाऊन थोरल्याबद्दल प्रसाद लावला होता. उजवी पडली होती. गेले होते ते शेटना विचारून नव्हे, आपल्या मनाने. साहेब इतके शिकलेले, पण पाकळीचं सांगताना त्यांचा आवाज खाली आला.

आता पंचाईत झाली. एका देवाने धाकट्याला होय म्हटलेलं, दुसऱ्याने थोरल्याला. एका प्रसादावर दुसरा लावणं बरं नाही, आणि मिळालेला मोडणं त्याहून वाईट. शेट एवढ्या मोठ्या कंपनीचे मालक, पण कुठल्याच देवाशी वाकडेपणा घेण्याची त्यांची तयारी नव्हती. त्यांनी गुरवाला हापिसात बोलावून घेतलं. गुरवाने चहा घेतला, पाव घेतला, आणि शेटना विचारलं, "तुमी देवाक काय इचारलास? धाकलो घेव काय?"

"हय."

"आणि ह्यांनी इचारल्यानी, थोरलो घेव काय?"

"होय," केरकर म्हणाले.

"मगे भांडाण खंय आसा? दोघाय देवांनी होय म्हटलां. दोघांकय घेवा."

अशी आमची कंपनी त्या भागात तरी एकटीच असेल, जिच्या हापिसात थोरला आणि जेटीवर-खाणीवर धाकटा बसला. केरकरांनी आणि विनयाने दोन्ही एकमेकांना जोडले. ते तरी सोपं होतं, म्हणे. भाऊ भांडलेले असले तरी त्यांची भाषा एकच होती. माझी खुर्ची वाचली. जेटीचे फोन मात्र माझ्याकडून गेले. तिथं आता मशीन बोलायचं. पहिल्या दिवशी आमोण्याच्या तांडेलाने, म्हणजे बार्ज चालवणाऱ्याने, मला फोन करून विचारलं, "ती बाय कोण? मी इचारतंय तां सांगणा नाय, आपलांच सांगता." महिन्याभरात तोच तिला सरावला. मशीन रजेवर जात नाही, तापत नाही. तक्रार करण्यासारखं मला काही सापडेना.

अशी काही वर्षं गेली. खनिजाला भाव आला, ट्रक वाढले, फोन वाढले. दोन्ही प्रोग्रॅमांच्या नव्या आवृत्त्या येत राहिल्या. सासू वारली.

मग एक दिवस केरकर साहेब माझ्या मेजाशी येऊन उभे राहिले. बसले नाहीत. थोरल्याच्या लोकांनी जाहीर केलं होतं की त्यांच्या आतला एक जुना भाग ते काढून टाकणार. त्याच भागावर माझा पडदा उभा होता. तो पडदा ज्या माणसाने लिहिला होता त्याने केव्हाच ते काम सोडलं होतं, कुठं गेला कोणाला ठाऊक नाही. जुनी आवृत्ती तशीच ठेवली तर चोर शिरतात. बाहेरचा माणूस आत घुसून आपल्या लाइनीवरून परदेशात फोन करत बसतो. एका ओळखीच्या हापिसात तसं झालेलंही होतं. म्हणजे नवी आवृत्ती घेणं भाग, आणि घेतली की बोर्ड गेला.

"दोघांकय आता बाई नको झाली," मी म्हटलं.

केरकर म्हणाले, "बाईच असं नाही. लोक आता एकमेकांना मोबाइलवर सरळच करतात. मधलं माणूस कोणालाच नको."

ह्यात तिरकं काही नव्हतं. ते चिठ्ठ्या चिकटवणारे गृहस्थ, चिठ्ठीवर असतं तेच बोलायचे.

विनयाने मात्र मनावर घेतलं. तिनं धाकट्यासाठी ऑपरेटरचा पडदा लिहायला घेतला. कामाचं काम करून उरलेल्या वेळात ती माझ्या शेजारी स्टूल टाकून बसायची आणि मी काय करते ते बघायची. आता का थांबलीस? ह्याला आधी का दिलंस? त्याला खोटं का सांगितलंस? मी सांगायचे. मला त्याचा कंटाळा यायचा, पण शिकवण्यात थोडा तोराही असतो, तो मी मिरवला. पडदा झाला तो थोरल्याच्या पडद्याहून चांगला होता. एखादा माणूस लाइनीवर किती वेळ धरून ठेवलाय ते रंगाने कळायचं. कोणाला कोणाशी जोडू नये तेही त्यात मांडून ठेवता यायचं.

मला वाटलं, झालं काम. विनया म्हणाली, "अजून नाय, मावशे. आता तो त्यांनी घेवक व्हयो."

तिनं मला समजावलं. पडदा नुसता आमच्या हापिसात राहिला तर धाकट्याची प्रत्येक नवी आवृत्ती तो मोडणार आणि दर वेळी तो तिनं एकटीनं दुरुस्त करायचा. तोच पडदा धाकटा लिहिणाऱ्या त्या परक्या लोकांनी आपल्यात घेतला तर तो सगळ्यांचा झाला. मग तो मोडू न देणं हे सगळ्यांचं काम. म्हणून तिनं तो त्यांच्याकडे पाठवला. माझी खुर्ची अशी समुद्रापार गेली.

तिकडचे लोक उद्धट नव्हते. त्यांनी विचारलं, काम छान आहे, पण ही ऑपरेटर असं काय करते जे मेनूला जमत नाही? विनयाने मला वाचून दाखवलं आणि म्हणाली, तू सांग, मी इंग्रजीत लिहिते. मी वर लिहिलंय तेच सांगितलं. भरतीचं सांगितलं, बँकेचं सांगितलं, ड्रायव्हरांच्या बायकांचं सांगितलं. भाटकारांचं सांगितलं, की जो माणूस मेनूत बसत नाही तो कुठं जाणार. एका माणसानं उलट लिहिलं की त्याच्याकडे बंदरावर अशीच एक बाई आहे आणि सगळे तिला घाबरतात. दुसऱ्यानं लिहिलं, गोष्टी फार चांगल्या आहेत, पण मधे माणूस लागू नये म्हणूनच ना आम्ही प्रोग्रॅम लिहितोय? तिसऱ्यानं लिहिलं, उद्या लोक फोनवर तोंडं बघून बोलतील, आपण त्या वाटेनं जाणार की मागे?

बरेच दिवस त्यांचं चाललं. विनया येऊन रोजचं सांगायची, आज हा आपल्या बाजूनं बोलला, आज तो फिरला. मी फोन जोडत ऐकायचे. मला एकदाही न बघितलेली माणसं माझ्या खुर्चीवर वाद घालत होती, आणि वादात कोणी चुकीचं बोलत नव्हतं.

शेवटी मुख्य माणसाचं उत्तर आलं. नाही. आम्हाला आतला गाभा लहान ठेवायचाय. जे जे आत घेऊ ते ते आम्हाला जन्मभर सांभाळावं लागतं. आणि हे सांभाळायला आमच्यात कोणी तयार नाही. तुम्ही वेगळं ठेवा, चालवा, शुभेच्छा.

विनया वाचताना मध्येच थांबली. मी म्हटलं, "पुरां वाच." तिनं पुरं वाचलं. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. मी त्यांच्या जागी असते तर मी शुभेच्छाही लिहिल्या नसत्या.

"मी चालवतंय," ती म्हणाली. "दर आवृत्तीक मी बसान दुरुस्त करतंय. तू रिटायर होयसर."

तिला त्याच सुमारास पुण्याच्या एका कंपनीनं बोलावलं होतं. हे तिनं मला सांगितलं नव्हतं. पुण्याचा फोन बोर्डावरूनच आला होता. तिनं त्यांना, सध्या जमणार नाही, असं सांगितल्याचंही मला ठाऊक होतं. ऑपरेटरने ऐकू नये असा नियम आहे. ऐकल्याशिवाय फोन जोडणारी ऑपरेटर मी पाहिलेली नाही.

आबाशेटना केरकरांनी सगळं सांगितलं. शेटनी मला बोलावलं. विनयाही होती.

"सुभद्राबाय, बोर्ड दवरचो काय काडचो? फाल्यां देवाक विचारूंया."

गुरवाला निरोप जायला निघालाच होता. मी म्हटलं, "नाका, शेट. देवाक इचारू नकात."

"कित्याक?"

"देवान होय म्हटल्यान तर?"

शेटना कळेना. मी सरळ सांगितलं. देव होय म्हणाला की ते मोडायची हिंमत तुम्हाला नाही, केरकरांना नाही, हिलाही नाही. मग मी रिटायर होईपर्यंत ही पोर तो एक पडदा शिवत बसणार, आणि उद्या ती आजारी पडली तर माझा बोर्ड बंद. एका पोरीच्या मर्जीवर चालणारा बोर्ड मला नको. तो बोर्ड नव्हे, ती भीक. मशीन लावा. मला खाली दारात बसवा. येणाऱ्या माणसाला कुठं जायचं ते मी सांगीन.

"दारांत बस," शेट म्हणाले. गुरवाचा निरोप राहिला.

मला वाटलं होतं विनया हलकी होईल. ती माझ्या मागोमाग जिन्यात आली आणि भडकली.

"तू माका इचारलंस? एकदा तरी?"

"तुझ्याच बऱ्यासाठी..."

"माझां बरां तुका कोणी सांगूक सांगलां? तुझ्यासाठी करी होतंय असां वाटलां तुका? मी लिवलंय तो! माझो आसा तो! त्या सगळ्यांका दाखवूचां होतां माका, की चलता."

ती पायऱ्या उतरून गेली. मी म्हाताऱ्या बायकांसारखा विचार केला होता, की पोरं जे करतात ते आपल्यासाठीच.

मी दारात बसले. काम तेच होतं, फक्त माणूस समोर दिसायचा. त्याचा उपयोग नव्हता. आवाजावरून माणूस जास्त कळतो. विनया काही महिन्यांनी पुण्याला गेली. जाताना पेढे देऊन गेली, बोलली मोजकंच. मी रिटायर झाले. पुढे खाणी बंद पडल्या आणि आमोण्याच्या जेटीवर फोन करायला काही उरलं नाही. कंपनीतल्या थोरल्या-धाकट्याचं कोण बघतं मला ठाऊक नाही. केरकर म्हणतात दोघे भाऊ अजून आहेत. दोघांबद्दलही, आता फार दिवस काढत नाहीत, असं दर वर्षी कोणी तरी म्हणतं.

मागच्या चवथीला विनया माझ्याकडे आली. लग्न झालंय, केस पिकायला लागलेत, वाक्य अजून दुसऱ्याचंच पुरं करते. नेवऱ्या खाताना म्हणाली, "मावशे, मी आता त्यांच्यात आसंय."

"कोणात?"

"धाकल्याच्या माणसांत. जगभरसून लोक नवीन नवीन लिवन पाठयतत. तां आत घेवचां काय नाय, तां ठरयणाऱ्यांत मी एक."

"किती घेतंस?"

ती हसली. नेवरीचा तुकडा हातातच राहिला.

"घेतंय थोडी. बहुतेकांका नायच म्हणतंय."

"आणि खाली शुभेच्छा लिवतंस?"

"लिवतंय," ती म्हणाली.

मी म्हटलं, "त्या लिवू नको," आणि तिच्या पानात आणखी एक नेवरी वाढली.